तुम्ही विचारलंत म्हणून: मुद्दाम त्यांच्याकडेच कशाला?

हा प्रश्न मला दर उन्हाळ्यात येतो. मुलांकडे राहायला आलेले कोणाचे तरी आईवडील विचारतात, मंडळाच्या जेवणात कोणी तरी विचारतं, आणि यंदा माझ्या सख्ख्या मावशीने गाडीतच विचारलं, "अगं, घराजवळ दोन बेकऱ्या सोडून इतक्या लांब या ब्लॅक लोकांच्याच दुकानात कशाला? सर्व्हिस तरी धड असते का?"

मी अमेरिकेत, अटलांटाजवळ डिकेटरला 19 वर्षं राहते. केक, केसांचं तेल, गाडीची दुरुस्ती, यांतलं जमेल तेवढं ब्लॅक मालकांच्या दुकानातून घेते. मावशीच्या दुसऱ्या प्रश्नाचं खरं उत्तर म्हणजे, कधी असते, कधी नसते. मुलीच्या वाढदिवसाचा केक अकराला मिळायचा होता, तो सव्वाबाराला मिळाला. दुकानात एकटी मालकीण. फोन कान आणि खांद्याच्या मध्ये, हातात दुसऱ्या गिऱ्हाइकाचे सुटे पैसे, आत ओव्हन घंटी वाजवतोय. खोका उघडला तर 'मुक्ता'चं 'मुकाता' झालेलं. तिने सुरीने क्रीम खरवडलं, मला एकेक अक्षर सांगायला लावलं आणि नाव नव्याने काढलं. पण खालचा गुलाबी डाग काही गेला नाही. वाढदिवसाच्या सगळ्या फोटोंत तो दिसतो.

मी रागावले का? हो, रागावले. आणि तिला तोंडावर सांगितलं, की उशीर होणार होता तर फोन करायचा, आणि नाव गिऱ्हाइकाकडूनच लिहून घ्यायचं. परत तिच्याकडे गेले का? तेही गेले. हे दुसरं बऱ्याच जणांना कळत नाही. त्यांच्या मते गप्प बसून परत न जाणं हा सभ्यपणा. गोऱ्या मालकाच्या साखळी दुकानात कॉफी गार मिळाली तर आपण 'आज त्या पोराचं लक्ष नव्हतं' म्हणतो. इथे केक उशिरा आला की 'ही माणसंच अशी' होतं. एका केकचा निकाल अख्ख्या समाजाला लागतो.

इथल्या ब्लॅक लोकांत एक जुनी म्हण आहे, 'गोऱ्याचा बर्फ जास्त थंड असतो.' घरोघरी फ्रिज नव्हते, बर्फ गाडीवरून विकत घ्यायचा, त्या काळातली. आपल्यातल्याच माणसाचा बर्फ सोडून गोऱ्याकडे धावणाऱ्याला मारलेला हा टोमणा. म्हणजे आपल्या माणसाच्या मालाबद्दल शंका घ्यायची सवय त्यांनाही लागली होती, आणि ती त्यांना ठाऊकही होती.

सर्व्हिसच्या बाबतीत तर अटलांटाचा इतिहास तिरकाच आहे. अलॉन्झो हर्न्डन 1858 साली गुलामगिरीत जन्मला. पुढे पीचट्री स्ट्रीटवर त्याने झुंबरं, संगमरवर लावून असं सलून थाटलं की शहरातले बडे लोक तिथेच दाढीला येत. बडे, म्हणजे फक्त गोरे. मालक काळा, वस्तरे चालवणारे काळे, पण खुर्चीत काळ्या माणसाला बसता येत नसे. ब्लॅक माणसाला सर्व्हिस देता येत नाही असं कोणी म्हणालं की मला त्या खुर्च्या आठवतात. त्याच कमाईतून 1905 मध्ये त्याने विमा कंपनी उभी केली, तीही आपल्या लोकांसाठी. अटलांटातला ऑबर्न अ‍ॅव्हेन्यू हा रस्ता त्या काळी ब्लॅक मालकांच्या अशाच धंद्यांनी गजबजलेला होता. पुढे त्याच्या मधोमध हायवे घातला.

मग आज एकटी बाई फोन, गल्ला आणि ओव्हन का सांभाळते? भांडवल. अमेरिकेत धंद्याला पैसा अनेकदा घर गहाण टाकून उभा राहतो. 1930च्या दशकात सरकारी नकाशांवर ब्लॅक वस्त्यांभोवती लाल रंग भरला गेला, तिथे घरकर्ज मिळणं मुश्कील झालं. आजोबांचं घर झालं नाही, म्हणून नातीकडे गहाण टाकायला काही नाही, म्हणून दुसरा माणूस पगारावर ठेवायला पैसे नाहीत, म्हणून माझा केक सव्वाबाराला. ब्लॅक मालकांच्या बहुतेक धंद्यांत मालकाखेरीज पगारी कोणी नसतंच. लोकसंख्येत ते 13 टक्क्यांच्या आसपास आहेत, पण पगारी माणसं ठेवणाऱ्या धंद्यांत 2021 मध्ये त्यांचा वाटा 3 टक्केसुद्धा नव्हता.

आधाराची लाटही मी पाहिलीय. 2020 मध्ये जॉर्ज फ्लॉइड या ब्लॅक माणसाचा पोलिसाने खून केल्यानंतर लोकांनी ब्लॅक मालकांच्या पुस्तकांच्या दुकानांवर ऑर्डरींचा पाऊस पाडला. बॉस्टनच्या एका छोट्या दुकानाकडे हजारोंनी मागण्या गेल्या, प्रकाशकांकडेच पुस्तकं संपली, आणि मग ग्राहकांचे चिडके मेल सुरू झाले. वंशभेद समजून घ्यायला मागवलेलं पुस्तक दोन आठवडे उशिरा आलं, तर यांचा धीर सुटला!

आपण तरी कुठे धुतल्या तांदळाचे? ब्लॅक वस्तीतल्या आपल्याच लोकांच्या पेट्रोलपंपावर मी जाड काचेआडून फेकलेले सुटे पैसे पाहिलेत.

मावशी कोल्हापूरची, म्हणून तिला गंगाराम कांबळ्यांची आठवण करून दिली. शाहू महाराजांनी पैसे दिले आणि त्यांनी चहाचं हॉटेल काढलं. पण अस्पृश्याच्या हातचा चहा म्हणून गिऱ्हाईक फिरकेना. तेव्हा महाराज स्वतः गाडी थांबवून तिथला चहा प्यायचे, बरोबरच्या मंडळींनाही पाजायचे. "ते महाराज होते," मावशी म्हणाली. मी म्हटलं, "आपण निदान पूर्ण पैसे देऊ, घासाघीस न करता."

बेकरीत आता काउंटरला दोरीने बांधलेली वही आहे. केकवरचं नाव ज्याचं त्याने लिहायचं. मावशीच्या पंचाहत्तरीसाठी गेलो, तर तिने सवयीने देवनागरीत 'शालिनी' लिहिलं. मी खोडायला पुढे झाले. मालकिणीने मला थांबवलं, वही फिरवून पाहिली आणि म्हणाली, काढते. चार दिवसांनी खोका उघडला. शिरोरेषा अगदी सरळ. पण पहिली वेलांटीही दुसरीसारखीच उजवीकडे.

"वेलांटी चुकली," मावशी माझ्या कानात पुटपुटली.

"मग तिला सांग ना," मी म्हटलं.

मावशीने पदर खोचला आणि काउंटरवर बोटाने काढून दाखवायला लागली.