चेस रनला गाडी मागे का पडत होती ते सापडलं (रिमोटवरची ड्रिफ्ट गाडी, आरडब्ल्यूडी म्हणजे फक्त मागच्या चाकांना पॉवर असलेलं चॅसिस, पुढचा अपडेट)

सापडलं एकदाचं! गेले काही अपडेट एकच रडगाणं चालू होतं, लीडला (दोन गाड्या जोडीने ड्रिफ्ट करताना पुढे) गाडी झकास, अँगल म्हणजे आडवेपणा भरपूर, आणि चेसला (मागे चिकटून) लावली की दुसऱ्या क्लिपनंतर (जिच्या जवळून गाडी न्यायची ती खूण) समोरची गाडी हळूहळू लांब जायला लागते. कारण मोटर नाही, टायर नाही, ज्या सर्वोला (पुढची चाकं वळवणारी छोटी मोटर) आपण सगळ्यांनी मिळून शिव्या घातल्या तो तर बिलकुल नाही. अ‍ॅकरमन. म्हणजे वळवताना पुढची दोन चाकं एकमेकांपेक्षा कमीजास्त वळतात ती भूमिती. फुल लॉकला (चाकं पूर्ण वळवल्यावर) माझी पुढची दोन चाकं दोन वेगळ्या दिशांना बघत होती आणि त्यातलं एक चुपचाप ब्रेक मारत होतं.

शोध लागला एका टुरिंग कारवाल्यामुळे (हेही रिमोटवालेच, पण घड्याळावर रेस करणारे), त्याचं श्रेय त्याला द्यायलाच पाहिजे. ट्रॅक आम्ही टुरिंगवाल्यांबरोबर आलटून पालटून वापरतो, त्यांच्या गाड्यांना ट्रान्सपॉन्डर, लॅप टाइम हजाराव्या भागापर्यंत, आणि आमच्याकडे बघून ठरलेला डायलॉग, की तुमच्यात घड्याळच नाही तर रेस कसली, हा तर डान्स. मीही ठरलेलं उत्तर फेकलं. १९९५ ला ल माँच्या २४ तासांच्या रेसमध्ये जीटी२ क्लास जिंकणाऱ्या होंडा एनएसएक्समध्ये कोण होतं, तर कुनिमित्सु ताकाहाशी, केइची त्सुचिया आणि अकिरा इइदा, म्हणजे ज्यांना ड्रिफ्टिंगचा बाप (ताकाहाशी) आणि ड्रिफ्ट किंग (त्सुचिया) म्हणतात ते दोघं एकाच गाडीत. त्सुचिया तर १९९९ ला टोयोटा जीटी-वनमध्ये ओव्हरऑल दुसरा आला. त्यावर हा पठ्ठ्या शांतपणे म्हणाला, हो पण ते ल माँला आडवे नाही गेले ना, सरळच चालवली ना गाडी. बरोबर आहे हो त्याचं. ते दोघं रेसर होते एवढंच त्याने सिद्ध होतं, ड्रिफ्टिंग रेस आहे हे नाही. हे उत्तर मी आता वापरणं बंद केलंय, तुम्हीपण करा.

पण जाता जाता तो म्हणाला की एकदा तुझ्या गाडीला घड्याळ लावून तर बघ. त्याने टोमणा मारला होता, माझ्या डोक्यात मात्र तेच घुसलं. कारण आपण इतके दिवस बघत काय होतो, तर अँगल किती आणि लाइन कुठे. गाडी नेमकी कुठे हळू होते हे कोणी मोजलंच नव्हतं.

मग पहिल्या क्लिपला आणि आउटर झोन (वळणाच्या बाहेरचा पट्टा, जो गाडीने भरायचा असतो) संपतो तिथे फरशीवर टेप मारली, फोन ट्रायपॉडवर, स्लो मोशन २४० फ्रेम, आणि घरी येऊन फ्रेम मोजत बसलो. कंटाळवाणं काम आहे पण याच्यासारखं स्वस्त टूल नाही, टेलिमेट्रीचे (गाडीतले आकडे नोंदवणारे) डबे घ्यायच्या आधी हे करून बघा. माझ्याच ग्रुपमधल्या एकाची गाडी घेतली, तीच मोटर, तेच गिअरिंग, टायर तर काय कंट्रोल टायर म्हणजे सगळ्यांना एकच. मध्यम अँगलला दोन्ही गाड्या जवळपास सारख्या. फुल लॉकच्या जवळ गेलं की त्याची गाडी आहे त्याच वेगात वाहत राहते आणि माझी झोनच्या मधोमध बसते, थ्रॉटल वाढवला तरी नुसता मागचा टायर फिरतो, पुढे काही जात नाही. म्हणजे पॉवर कमी नाहीये, कुठेतरी काहीतरी अडतंय, आणि ते फक्त लॉकला अडतंय.

इथून पुढचं सोपं होतं. गाडी स्टँडवर, दोन्ही पुढच्या रिमला एकेक सरळ कार्बनची काडी टेपने चिकटवली, खाली कोनमापकाची प्रिंट, ट्रान्समीटरवरून फुल डावीकडे. डावं चाक ६८ अंश, उजवं ५३. पंधरा अंशांचा फरक! उजवीकडे फिरवलं तर हेच उलटं, म्हणजे लिंकेज सिमेट्रिक आहे, काही वाकलेलं नाही, भूमितीच तशी आहे.

साध्या गाडीला हा फरक हवाच असतो, वळताना आतलं चाक छोट्या वर्तुळात फिरतं म्हणून त्याला जास्त वळवावं लागतं. ड्रिफ्टमध्ये गाडी उजवीकडे वळत असते आणि चाकं डावीकडे असतात, म्हणजे जे चाक जास्त वळतं ते वळणाच्या बाहेरचं, ज्याच्यावर वजन आहे ते. आणि पुढची दोन्ही चाकं जमिनीवर जवळपास एकाच दिशेने चाललेली असतात, तेव्हा ती साधारण समांतर पाहिजेत. समांतर नसली की एक बरोबर लोळतं आणि दुसरं घासतं. लीडला हे कळतच नाही कारण घासणारी गाडी दिसायला छान दिसते, लटकल्यासारखी, अँगल धरून. मोठ्या ड्रिफ्ट गाड्यांना जे अँगल किट लावतात त्यात नुसता लॉक वाढवत नाहीत, नकलची (चाक धरून त्याच्यासोबत वळणारा भाग) भूमिती बदलून अ‍ॅकरमनपण कमी करतात, हे मी वाचलेलं होतं पण आपल्या दहाव्या स्केलला एवढा फरक पडेल असं वाटलं नव्हतं.

उपाय. माझ्या चॅसिसवर टाय रॉड (नकलला ढकलणारी-ओढणारी काडी) अ‍ॅक्सलच्या मागे आहे, तेव्हा नकलवरचा बॉल स्टड (रॉड जोडायची गोळी) बाहेर, म्हणजे चाकाकडे सरकवला की अ‍ॅकरमन कमी. (रॉड पुढे असेल तर उलटं, उगाच माझं बघून कॉपी मारू नका.) मागे कौतुकाने बसवलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या नकल, निळ्या, चकाचक, फोटोत लय भारी दिसतात, त्यांना या कामासाठी भोक एकच! सोबत आलेल्या प्लास्टिकच्या साध्या नकलवर तीन भोकं आहेत. हा हॉप-अपचा (वरून घ्यायच्या भारी पार्टचा) धंदा मला आता कळेनासा झालाय, महाग पार्ट म्हणजे जास्त अ‍ॅडजस्टमेंट असं आपण धरून चालतो आणि मिळतो फक्त रंग. अ‍ॅल्युमिनियम काढल्या, प्लास्टिक परत लावल्या, सगळ्यात बाहेरचं भोक.

आणि अर्थातच बॉल कप (रॉडच्या टोकाची, स्टडवर बसणारी वाटी) रिमला घासायला लागला. फुल लॉकला कर्र्र. कपाचा कोपरा तासला, पुरलं नाही. हेक्सच्या (चाक ज्यावर बसतं तो षटकोनी तुकडा) मागे एक मिलिमीटरचा शिम, म्हणजे पातळ चकती टाकला, आता घासत नाही पण ट्रॅक रुंदी वाढली आणि टायर बॉडीच्या कमानीला लागायच्या बेतात. मग टर्नबकल (रॉडची लांबी बदलणारा स्क्रू) परत सेट, टो शून्यावर, म्हणजे सरळ असताना दोन्ही चाकं सरळ. यात संध्याकाळ गेली. एक सांगतो, टर्नबकल फिरवायला तो छोटा पाना मिळतो तो घ्याच, पक्कडीने फिरवून षटकोन गोल करणारे लोक बघितलेत मी. आणि हेक्स ड्रायव्हरवर पैसे वाचवू नका, बाकी सगळ्यावर वाचवा.

आता मोजलं तर ६५ आणि ६१. एकदम समांतर नाही पण चालेल.

ट्रॅकवर सोडली, पहिला कॉर्नर स्वप्नवत, आणि एक्झिटला पुढची चाकं थरथरायला लागली, टकटकटकटक, जायरोचा वॉबल. (जायरो म्हणजे गाडी फिरायला लागली की आपोआप उलटं स्टिअरिंग देणारा सेन्सर, आणि तो किती जोरात देतो तो गेन.) घासणारं चाक आधी डॅम्परचं काम करत असणार, ते मोकळं झालं आणि जायरोला आवरेना. गेन कमी करत गेलो तर वॉबल गेला पण ट्रान्झिशनला (एका बाजूच्या ड्रिफ्टमधून दुसऱ्या बाजूला जाताना) गाडी सुटायला लागली, स्पिन. वाढवला की परत टकटक. इथे आपल्यातले बरेच जण नवीन जायरो घेतात. मी चाक हाताने धरून हलवून बघितलं तर लिंकेजमध्ये ढिलेपणा, चाक हलतंय आणि सर्वो हॉर्न (सर्वोचा दांडा) जागेवर. जायरो जी दुरुस्ती पाठवतो ती आधी हा ढिलेपणा खाते, मग उशिरा चाकाला पोचते, तोवर जास्त झालेली असते, मग उलटी, हे चक्र म्हणजेच वॉबल. चारही बॉल कप नवीन, बेअरिंगच्या मागे पातळ शिम, बेलक्रँकचा (सर्वोची हालचाल टाय रॉडकडे नेणारा दांडा) स्क्रू अर्धा वळसा घट्ट (जास्त केला की स्टिअरिंग जड होतं, बोटाने सहज फिरलं पाहिजे). वॉबल गायब, गेन आधीपेक्षा थोडा कमीच आहे आणि ट्रान्झिशन घट्ट. हा आनंद ज्याने भोगलाय त्यालाच कळेल.

टुरिंगवाल्याचा दुसरा टोमणा, की तुमची गाडी जायरो चालवतो. खऱ्या गाडीत स्टिअरिंग सोडलं की कॅस्टरमुळे (चाक वळायच्या अक्षाचा मागे कललेला कोन) चाकं आपोआप जिकडे गाडी चाललीय तिकडे वळतात, ड्रायव्हर ते फिरू देतो आणि हवं तिथे पकडतो. आपल्याकडे सर्वोने चाक आवळून धरलेलं असतं, ते मोकळं फिरूच शकत नाही, म्हणून ते काम जायरो करतो. एवढंच आहे. लाइन आणि थ्रॉटल कोणी देत नाही हो.

आता निकाल. तोच झोन, तीच टेप, तीच फ्रेममोजणी. त्या पट्ट्यात आधी दोन सेकंदांच्या जरा वर जायचे, आता पावणेदोनच्या आत, आणि अँगल डोळ्याला तेवढाच. त्याच ग्रुपवाल्या गाडीच्या मागे चेसला लागलो आणि पहिल्यांदा मला थ्रॉटल सोडावा लागला, नाहीतर त्याच्या दारावर आदळलो असतो. मागे पडण्याऐवजी जवळ जाण्याची भीती!

आणि याच रनला ‘ड्रिफ्टिंग रेस आहे का’ या वादाचं उत्तर मला मिळालं, निदान माझ्यापुरतं. सोलो क्वालिफाइंग रेस नाहीये. मान्य करून टाका, त्यात लाज काय. फॉर्म्युला ड्रिफ्टमध्ये जज लाइन, अँगल, स्टाइल बघून गुण देतात, जपानच्या डी१मध्ये गाडीत सेन्सर लावून वेग आणि अँगल मोजून गुण काढतात, तरी शेवटी गुणच. पण टँडममध्ये दोन गाड्या, दोघं एकेकदा लीड, आणि चेसवाल्याने चिकटून राहायचं. तिथे पुढच्याने वेग ठेवला आणि मागच्याला तो झेपला नाही तर अंतर पडतं आणि ते फक्त जजला नाही, स्टँडमध्ये बसलेल्या पोरालाही दिसतं. ओव्हरटेक करून जिंकता येत नाही हे खरं, लीडवाला चुकला किंवा स्पिन झाला तर गोष्ट वेगळी. पण हळू गाडी घेऊन टँडम जिंकता येत नाही, आणि माझी गाडी हळू होती हे मला जजच्या आधी समोरच्या बंपरने सांगितलं होतं, मी ऐकत नव्हतो इतकंच.

म्हणूनच वरच्या लेव्हलच्या गाड्या बघा, हजार हॉर्सपॉवर आणि मागे मिळेल तेवढी ग्रिप, टायरची हवा कमी करून अजून ग्रिप. बाहेरच्याला वाटतं घसरायचंय तर टायर गुळगुळीत पाहिजे. उलट, ग्रिप असेल तरच आडवी गाडी पुढे जाते. हे सगळं सेटअपचं डोकं रेसवाल्यांचंच आहे. एफआयएने (मोटरस्पोर्टची जागतिक संघटना) २०१७ ला टोकियोत स्वतःचा ड्रिफ्टिंग कप भरवला तेव्हापासून ‘मोटरस्पोर्ट आहे का’ हा प्रश्न तसाही कागदावर संपलाय, ‘रेस आहे का’ला माझं उत्तर, टँडम हो, सोलो नाही. जुने लोक भांडतील, भांडा.

पुढचं. वेगवान सर्वो घ्यायचं ठरलं होतं ते रद्द, गरजच उरली नाही. मागच्या डिफमध्ये (डिफरन्शियल, दोन मागच्या चाकांमधला गिअर) जाड तेल टाकायचं होतं ते आधी करणार होतो, पण हे लिहितानाच डोक्यात आलं की बॉल स्टड बाहेर ढकलून रिमशी मारामारी करण्यापेक्षा बेलक्रँक काढून स्लाइड रॅक (डावी-उजवीकडे सरळ सरकणारी स्टिअरिंगची पट्टी) बसवला आणि रॅकच मागे-पुढे सरकवता आला तर अ‍ॅकरमन तिथूनच बदलता येईल, स्टड परत मधल्या भोकात, शिम काढून टाकायचा, ट्रॅक रुंदी पूर्ववत. दोन मिलिमीटर सरकवलं तरी फरक दिसायला पाहिजे. म्हणजे आधी रॅक, डिफ नंतर, कारण दोन्ही एकदम केलं तर कशाने काय झालं ते कळणार नाही.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. डावीकडून उजवीकडे ट्रान्झिशन कडक आहे, उजवीकडून डावीकडे किंचित आळशी. बॅटरी आडवी आहे आणि मोटर एका बाजूला, तेव्हा कोपऱ्यांवरचं वजन तपासणार आहे, पण माझ्याकडे चार सारखे वजनकाटे नाहीत. कोणी एकाच काट्यावर चारही कोपरे आळीपाळीने मोजून बरोबर आकडे काढलेत का? बाकीच्या तीन चाकांखाली काट्याच्याच उंचीच्या ठोकळ्या ठेवायच्या एवढं माहितीये, त्यापुढे काय काळजी घेता ते सांगा.