करवंद मार्गारिटा, सातवी खेप: गुठळ्या अखेर गेल्या

काल रात्री, तब्बल सातव्या खेपेला, करवंदाची मार्गारिटा (टकीला आणि लिंबाचे मेक्सिकन कॉकटेल, त्यात करवंदाचा रस) गाळणीतून एकही गुठळी मागे न ठेवता पेल्यात उतरली. मे महिन्यात ताम्हिणीच्या रस्त्यावर पानांच्या द्रोणांत करवंदे विकणाऱ्या बायकांकडून तीन किलो करवंदे घेऊन मी फ्रीझरमध्ये ठेवली होती. त्यांपैकी शेवटची 600 ग्रॅम उरलेली असताना हे घडले, याचे समाधान मोठे आहे, कारण पाऊस सुरू झाल्यावर डोंगरची काळी मैना पुढच्या उन्हाळ्याशिवाय हाती लागत नाही.

आधीच्या नोंदी वाचलेल्यांना मूळ तक्रार ठाऊक आहेच. करवंदाचा गर, लिंबू आणि साखरेचा पाक एकत्र केला की सरबत सुरेख होते, पण त्याच गरावर शेकरमध्ये मद्य ओतले की काही क्षणांत त्यात जांभळे, लिबलिबीत धागे आणि गुठळ्या तयार होतात. डबल स्ट्रेन केले, म्हणजे एकावर एक दोन गाळण्यांतून गाळले, तर बारीक गाळणी दोन मिनिटांत तुंबते आणि करवंदाचा निम्मा स्वाद त्या गाळणीतच अडकून राहतो. चौथ्या खेपेला गरात मद्य थेंबाथेंबाने घालून पाहिले, तेव्हा गुठळ्या लहान झाल्या, पण गेल्या नाहीत.

माझ्या हातून वेळ गेला तो एका चुकीच्या समजुतीमुळे. तिसऱ्या खेपेचा करवंद-पाक बाटलीत अक्षरशः थिजला होता आणि बाटली उलटी केली तरी तो हलत नव्हता. तो पाक मी दोनास एक या प्रमाणात साखर घालून केला होता, म्हणून साखर कमी केली की दोन्ही दुखणी जातील असे मी धरून चाललो. पाचव्या खेपेला साखर आणि रस सारख्या प्रमाणात घेतले, तेव्हा बाटलीतला पाक पातळ राहिला, पण पेल्यातल्या गुठळ्या जशाच्या तशा होत्या. उलगडा झाला तो आईशी बोलताना. ती सहज म्हणाली, "जेली करायची असेल तर आम्ही पिकलेल्या करवंदांत मूठभर लालसर, अर्धी कच्ची मुद्दाम घालायचो. नुसत्या काळ्याभोर करवंदांची जेली नीट धरत नाही रे." मी मात्र आंबटपणा वाढावा म्हणून प्रत्येक खेपेत लालसर करवंदे वेचून घालत होतो आणि वर तो गर पंधरा मिनिटे उकळत होतो.

दोन्ही ठिकाणी अडचण पेक्टिनची, म्हणजे फळातल्या जेली धरणाऱ्या घटकाचीच आहे, पण ते दोन वेगळ्या कारणांनी घट्ट होते. पाकात भरपूर साखर आणि आंबटपणा एकत्र आल्यामुळे त्याची जेली धरते, तर पेल्यात ते मद्यार्कामुळे पाण्यातून वेगळे होऊन साकळते. जॅम करणाऱ्यांची एक जुनी परीक्षा याच गुणावर आधारलेली आहे: चमचाभर रसात तीन चमचे मद्यार्क घालायचा आणि किती घट्ट गोळा होतो त्यावरून पेक्टिन किती आहे ते ठरवायचे. म्हणजे मी दर खेपेला मार्गारिटाच्या नावाखाली ही परीक्षा घेत होतो. फळ जितके कच्चे तितके पेक्टिन अधिक, आणि आंबट गर उकळला की सालीतले पेक्टिनही सुटून रसात उतरते. हे कळल्यावर उकळणे तत्काळ बंद केले. गोठवलेली करवंदे नुसती वितळू दिली की त्यांच्या पेशी फुटलेल्या असतात आणि हाताने कुस्करूनही भरपूर रस सुटतो. वितळलेल्या करवंदांतही थोडा चीक असतोच, त्यामुळे कुस्करण्यापूर्वी हाताला खोबरेल तेल चोळावे.

उरलेल्या पेक्टिनसाठी घरी वाइन करणारे वापरतात ते पेक्टिन तोडणारे पेक्टिनेज एन्झाइम मागवले. पहिले पाकीट एका ऑनलाइन विक्रेत्याकडून आले, त्यावर उत्पादनाची तारीख नव्हती आणि भुकटीचे खडे झाले होते. सहाव्या खेपेत त्याचा काडीचाही उपयोग झाला नाही. पण त्या खेपेत एन्झाइमसाठी तापवलेला रस पुरेसा थंड होण्याआधीच ते घातले होते आणि जास्त उष्णतेने ते निकामी होते, त्यामुळे सगळा दोष पाकिटाला देता येणार नाही. तरीही माझे स्पष्ट मत असे आहे की तारीख नसलेले एन्झाइम कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नये. दुसरे पाकीट वाइनचे साहित्य विकणाऱ्याकडून घेतले. या वेळी फक्त काळीभोर करवंदे निवडली, कुस्करून बिया काढल्या, अर्धा लिटर गराला पाव चमचा भुकटी घातली आणि पातेले 45 अंशांच्या कोमट पाण्यात बसवून वर जाड टॉवेल गुंडाळला. करवंदाचा रस फार आंबट असल्यामुळे एन्झाइम संथ चालेल असे धरून दोनाऐवजी चार तास दिले. दीड तासातच गर सैल पडला आणि चार तासांनी वर माणकाच्या रंगाचा निवळ रस आणि तळाशी चोथा अशी फारकत झाली. मलमलीतून आणि मग कॉफीच्या कागदी गाळणीतून तो रात्रभर फ्रीजमध्ये गाळला, तेव्हा सुमारे 300 मिलिलिटर रस मिळाला. परीक्षेसाठी चमचाभर रसात तीन चमचे मद्य घालून पाच मिनिटे थांबलो. एकही धागा दिसला नाही, आणि तो छोटा पेला मी बराच वेळ दिव्यासमोर धरून पाहत होतो.

आता प्रमाणाकडे. इंटरनॅशनल बारटेंडर्स असोसिएशनचे प्रमाण 50 मिलिलिटर टकीला, 20 ट्रिपल सेक (संत्र्याच्या सालीचे गोड मद्य) आणि 15 लिंबाचा रस असे आहे. करवंद स्वतःच आंबट असल्याने मी लिंबू 8 वर आणले, करवंदाचा रस 25 घेतला आणि साधा पाक 10 घातला. लिंबू कमी केल्यावर वास फिका पडतो, म्हणून शेक करण्यापूर्वी लिंबाच्या सालीची एक पट्टी शेकरमध्ये पिळून टाकली आणि त्याने उणीव भरून निघाली. मद्य मात्र टकीला नव्हते. टकीला हे नाव मेक्सिकोतील हालिस्को आणि ठरावीक चार राज्यांच्या नेमून दिलेल्या भागांतील निळ्या घायपातापासून केलेल्या मद्यालाच लावता येते, आणि आपल्या दख्खनच्या पठारावर बांधाबांधाने वाढते ती घायपात वेगळ्या जातीची आहे. तिच्यापासून देशात तयार होणारे मद्य मी वापरतो. त्याला किंचित मातकट, हिरवट वास असतो आणि माझ्या जिभेला तो करवंदाच्या रानटी तुरटपणाशी अधिक जुळतो. लिंबाच्या मार्गारिटासाठी मी अजूनही शंभर टक्के घायपाताची टकीलाच निवडेन, पण रानमेव्यासाठी नाही.

चोथाही वाया गेला नाही. ओव्हनमध्ये अगदी मंद आचेवर वाळवून तो दळला आणि एक भाग भुकटीला दोन भाग सैंधव मिसळून पेल्याच्या अर्ध्याच काठाला लावले, म्हणजे पिणाऱ्याला प्रत्येक घोटाला निवड करता येते. मिठामुळे तुरटपणा दबतो आणि फळ पुढे येते. गेल्या सात खेपांत मला सर्वांत आवडलेली गोष्ट हा जांभळट काठ आहे.

एक उणीव मात्र लगेच जाणवली. पेक्टिन गेले तसा पेयाचा भरदारपणाही गेला. चव नेमकी आहे, रंग अप्रतिम आहे, पण घोट जिभेवरून पाण्यासारखा निसटतो. पुढच्या खेपेसाठी थोडा न गाळलेला गर परत मिसळण्याचा बेत होता आणि ही नोंद मी तोच बेत मांडण्यासाठी लिहायला घेतली होती. परंतु बर्फ वितळण्याआधी शेकरमध्ये सुमारे 26 टक्के मद्यार्क असतो, तेव्हा न गाळलेल्या गरामुळे गुठळ्या पुन्हा येणार, हे लिहिता लिहिताच लक्षात आले. त्याऐवजी डिंक वापरावा. जुन्या बारमध्ये पाकाला अंग यावे म्हणून त्यात बाभळीच्या जातीचा डिंक विरघळवीत असत, आणि लाडवांसाठी आणलेला बाभळीचा डिंक घरात आहेच. कतिरा डिंक येथे चालणार नाही, कारण तो विरघळत नाही, नुसता फुगतो. लाडवांच्या डिंकात सालीचे कण असतात, म्हणून भिजवून तो मलमलीतून गाळावा लागेल आणि मग पाकात मिसळावा लागेल.

त्यामुळे नागपुरी संत्र्याच्या सालींपासून घरी ट्रिपल सेक करण्याचा प्रयोग पुढे ढकलला आहे. काल आणि आज मिळून चार पेले झाले, आता 200 मिलिलिटर रस उरला आहे, म्हणजे आठ पेल्यांचा. त्यांपैकी दोन डिंकाच्या वेगवेगळ्या प्रमाणांसाठी राखून ठेवले आहेत. 20 ग्रॅम डिंक 40 मिलिलिटर पाण्यात आत्ताच भिजत घातला आहे.