गाडी चालवता येते, आता बघायलाही शिकतेय

ड्रायव्हिंग स्कूलमध्ये हाफ क्लच शिकवतात, रिव्हर्स शिकवतात, चढावर गाडी मागे न सोडता कशी उचलायची तेही शिकवतात, पण बॉनेटचा खटका कुठे असतो हे कुणी सांगत नाही. लायसन्स मिळतं, गाडी येते आणि मग वर्षानुवर्षं आपण पेट्रोल भरतो, हवा मारतो आणि सर्व्हिसिंगची तारीख आली की चावी दुसऱ्याच्या हातात देऊन घरी येतो. बिल येतं, त्यात दहा ओळी असतात, त्यातल्या आठ कळत नाहीत, पैसे भरतो. मला हे मनापासून खटकायला लागलं. आणि कोल्हापुरात राहून हे न शिकणं म्हणजे तर कमालच, उद्यमनगरात निम्मं शहर लेथ, फाउंड्री नाहीतर गॅरेजशी जोडलेलं, प्रत्येकाच्या ओळखीत एखादा फिटर असतोच. मग आमच्या नेहमीच्या गॅरेजच्या मामांना सांगितलं की यावेळी गाडी सोडून जाणार नाही, इथेच उभी राहून बघणार आहे. ते म्हणाले, "बघा की ताई, त्यात काय इचारायचं."

मला मेकॅनिक व्हायचं नाहीये. गाडी बिघडायच्या आधी आपल्याला कळावं आणि बिघडल्यावर गॅरेजमध्ये नेमकं सांगता यावं, एवढंच हवंय, आणि एवढं कुणालाही जमतं असं माझं ठाम मत झालंय.

सुरुवात डॅशबोर्डच्या खणातल्या त्या जाड पुस्तकापासून करा, जे बहुतेकांकडे अजून प्लॅस्टिकच्या पिशवीतच असतं. त्यात सर्व्हिसिंगचा तक्ता असतो, साधारण १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते. पण त्याच्या जवळपास बऱ्याच गाड्यांच्या पुस्तकात दुसरा एक तक्ता असतो, खडतर वापरासाठीचा. खडतर म्हणजे आपल्याला वाटतं लडाख. तर तसं नाही, धुळीचे रस्ते, सतत ट्रॅफिकमध्ये थांबत चालवणं आणि रोज दोन-तीन किलोमीटरच्या छोट्या फेऱ्या, हे सगळं खडतरमध्ये येतं! माझं कॉलेज घरापासून तेवढंच लांब आहे. एवढ्या अंतरात इंजिन पूर्ण तापतच नाही, पेट्रोल जळताना तयार झालेली वाफ आणि थोडं न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं आणि ते उडून जायला लागणारी उष्णता मिळत नाही, मग ऑइल लवकर खराब होतं. म्हणजे "माझी गाडी तर चालतच नाही, ऑइल कशाला बदलू" हे म्हणणं उलटं आहे. कमी चालणाऱ्या गाडीचं ऑइल किलोमीटर बघून नाही, तारीख बघून बदलायचं.

ऑइल चेक करणं हे सगळ्यात पहिलं शिकायचं काम. गाडी सपाट जागी, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं थांबायचं म्हणजे वरचं ऑइल खाली उतरतं, मग डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी, काढायची (मूठ बहुतेक पिवळी किंवा केशरी असते), फडक्याने पुसायची, परत पूर्ण आत घालायची आणि काढून बघायची. दोन खुणांच्या मध्ये असलं की झालं. वरच्या खुणेच्या वर जाऊ द्यायचं नाही, जास्त ऑइलनेही इंजिनला त्रास होतो, फेस येतो, सीलवर दाब येतो. रंग काळा दिसला म्हणून घाबरायचं कारण नाही, ऑइलमध्ये इंजिन धुवायची द्रव्यं असतात, ती काजळी स्वतःत धरून ठेवतात म्हणून ते काळं दिसतं. घाबरायचं ते ऑइल दुधाच्या कॉफीसारखं दिसलं तर, कारण त्याचा अर्थ बहुधा कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) ऑइलमध्ये मिसळतंय आणि हेड गास्केटचा (इंजिनच्या दोन भागांमधल्या सीलचा) संशय घ्यायला लागतो, मग गाडी स्टार्टच करायची नाही, टोइंगला फोन.

ऑइल बदलणं मात्र मी घरी करत नाही. जमत नाही असं नाही, पण काढलेलं ऑइल टाकणार कुठे? आपल्याकडे वापरलेलं ऑइल कायद्याने घातक कचऱ्यात येतं, गटारात ओतलं की ते थेट पंचगंगेकडे जाणार. गॅरेजमध्ये त्याचं पिंप असतं आणि ते नेणारे लोक येतात. मामांच्या देखरेखीखाली ड्रेन बोल्ट (इंजिनखालचा, ज्यातून जुनं ऑइल निघतं तो) मीच खोलते, वॉशर नवीन टाकते, फिल्टरच्या रबराला बोटाने ऑइल लावून हातानेच फिट करते, एवढं पुरे.

आता टायर, यावर मी जास्त लिहिणार आहे कारण गाडीचा रस्त्याशी संबंध फक्त तेवढ्यापुरता आहे, चार ठिकाणी तळहाताएवढा रबर. हवा किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं, टायरच्या बाजूला जो मोठा आकडा असतो तो टायरची कमाल मर्यादा आहे, तेवढी भरायची नाही. आणि हवा थंड टायरवर मोजायची, वीस-तीस किलोमीटर चालवून पंपावर गेलात तर टायर तापून आकडा तीन-चारने वाढलेला दिसतो आणि पंपावरचा मुलगा तेवढी हवा काढून टाकतो, सकाळी बघावं तर कमी. म्हणून स्वतःचा गेज घ्या, दोन-तीनशे रुपयांत येतो, माझ्या मते गाडीसाठी घ्यायची ही पहिली वस्तू, सीट कव्हरच्याही आधी.

टायरच्या खाचांमध्ये मधून मधून छोटे उंचवटे दिसतील, १.६ मिलिमीटरचे, ते झिजण्याची खूण म्हणून मुद्दाम दिलेले असतात. टायर झिजून त्या उंचवट्यांच्या पातळीला आला की बदलायचा, पावसाळ्यात तर त्याच्याही बऱ्याच आधी, कारण खाच उथळ झाली की पाणी बाहेर फेकलं जात नाही आणि टायर पाण्यावर तरंगतो, स्टिअरिंग हलकं लागतं आणि ब्रेक लागत नाही. टायरचं वय पण वाचता येतं. बाजूवर चार आकड्यांचा कोड असतो, ३५२१ म्हणजे २०२१ सालचा ३५ वा आठवडा. सेकंडहँड गाडी घेताना हे बघाच, खाचा छान दिसतात पण रबर कडक झालेला असतो.

स्टेपनी बदलायची प्रॅक्टिस स्वतःच्या पार्किंगमध्ये, दिवसा, घाई नसताना करा. हायवेच्या कडेला ट्रक अंगावरून जात असताना पहिल्यांदा जॅक हातात घ्यायची वेळ कुणावर येऊ नये. मामांनी पहिलंच वाक्य सांगितलं ते असं, "ताई, आदी नटं सैल करायची, मग जॅक. चाक हवेत गेल्यावर पाना मारला तर चाकच फिरंल की." हँडब्रेक, पहिला गिअर, विरुद्ध बाजूच्या चाकाला दगड, नट अर्धा फेरा सैल, मग जॅक नेमक्या जागी, पुस्तकात चित्र असतं, खालच्या पत्र्याला दोन खाचा असतात त्यांच्या मध्ये. गाडी जॅकवर असताना अंगाचा कुठलाही भाग खाली घालायचा नाही, काहीही पडलं तरी. नवीन चाक लावताना नट समोरासमोरचे आवळायचे, ओळीने नाही, म्हणजे चाक सगळीकडून सारखं बसतं, शेवटचं आवळणं गाडी खाली टेकल्यावर, आणि पन्नासेक किलोमीटर चालल्यावर परत एकदा पाना लावून बघायचं.

आणि एक अडचण जी कुठे फारशी कुणी बोलत नाही. गॅरेजमध्ये नट एअर गनने आवळतात, कधीकधी इतके की गाडीसोबत मिळालेल्या छोट्या पान्याने ते उघडतच नाहीत. माझ्या गाडीच्या पुस्तकात आवळण्याचा आकडा ८५ न्यूटन मीटर दिलाय, म्हणजे पाव मीटर लांब पान्याच्या टोकावर साधारण पस्तीस किलोचा जोर, एवढा माझ्याही हातात आहे. म्हणून टायरचं काही काम झालं की मी तिथेच माझा पाना काढून एकेक नट उघडून बघते. लोक बघत राहतात, बघू दे. डिकीत मोठ्या हँडलचा क्रॉस पाना ठेवलाय तो वेगळाच. आणि स्टेपनीची हवा! वर्षानुवर्षं कुणी बघत नाही आणि गरजेच्या वेळी तीही बसलेली निघते.

बॅटरीसाठी एक साधा मल्टीमीटर घेतला. रात्रभर उभ्या गाडीला १२.६ व्होल्टच्या आसपास दिसलं तर बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी उतरलेली, १२ च्या खाली म्हणजे रिकामीच समजा. इंजिन चालू केल्यावर तोच आकडा साधारण १३.८ ते १४.५ झाला पाहिजे, नाही झाला तर दोष बॅटरीचा नसून चार्जिंगचा असू शकतो, म्हणजे बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर (जुने लोक डायनामोच म्हणतात) किंवा त्याचा पट्टा. ही एक मिनिटाची तपासणी न करता नवीन बॅटरी टाकली जाते आणि आठवड्याने तीही उतरते, असं होताना मी बघितलंय. टर्मिनलवर पांढरी-निळी बुरशीसारखी पूड जमली असेल तर गरम पाणी आणि खायच्या सोड्याने घासून काढायची, आधी मायनस काढायचा आणि लावताना मायनस शेवटी. कारण साधं आहे, गाडीची सगळी बॉडी मायनसला जोडलेली असते, प्लस सोडवताना पाना चुकून पत्र्याला लागला आणि मायनस अजून जोडलेला असेल तर थेट शॉर्ट, ठिणग्या.

कूलंटचा विषय मला घाटाशिवाय सांगताच येत नाही. मे महिन्यात वैभववाडीकडून करूळ घाट चढून गगनबावड्याला येताना वळणावळणावर बॉनेट वर करून उभ्या गाड्या दिसतात, आणि कुणीतरी हातात पाण्याची बाटली घेऊन रेडिएटरचं झाकण खोलायच्या तयारीत असतो. कृपा करून असं करू नका. त्या झाकणाने आत दाब धरून ठेवलेला असतो, दाबामुळे पाणी शंभर डिग्रीच्या वर जाऊनही उकळत नाही, झाकण उघडलं की दाब जातो आणि सगळं एकदम उकळून तोंडावर येतं. चेहरा आणि हात भाजलेले लोक आहेत. तापमानाचा काटा वर जायला लागला की एसी बंद, हीटर फुल (उकडेल, पण इंजिनची उष्णता केबिनमध्ये ओढली जाते), सुरक्षित जागा बघून थांबायचं, इंजिन बंद, आणि तासभर तरी चहा प्या. गरम इंजिनवर थंड पाणी ओतणं पण नको, धातूला तडा जाऊ शकतो. रोजच्या तपासणीला तर झाकण उघडायचीही गरज नाही, बाजूच्या प्लॅस्टिकच्या टाकीवर दोन रेघा असतात, थंड गाडीत पातळी त्यांच्या मध्ये पाहिजे. सारखी कमी होत असेल तर नुसतं ओतत बसू नका, कुठे जातंय ते शोधायला लावा. नळाचं पाणी घालू नका, क्षार साठतात.

ब्रेकला मी हात लावत नाही, फक्त बघते. ब्रेक ऑइलची टाकी अर्धपारदर्शक असते, पातळी खाली गेली म्हणजे एकतर पॅड झिजलेत नाहीतर कुठेतरी गळतंय, दोन्ही वेळा गॅरेज. हे ऑइल हवेतला ओलावा शोषतं, आपल्या कोकणपट्टीच्या हवेत तर जास्तच. डॉट ४ प्रतीचं नवीन ऑइल किमान २३० डिग्रीपर्यंत उकळत नाही, पण पाणी शोषलेल्या ऑइलची तीच किमान मर्यादा १५५ वर येते. घाट उतरताना सतत पाय ब्रेकवर असेल तर तेवढं तापमान येऊ शकतं, ऑइलमध्ये वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल सरळ खाली जातं. म्हणून दर दोन वर्षांनी ते बदलून घ्यायचं आणि उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये उतरायचं, न्यूट्रल तर अजिबात नाही, पेट्रोल वाचतं असं कुणीही सांगू दे.

एअरबॅगचं वायरिंग, एसीचा गॅस, इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाड्यांच्या केशरी केबल, याच्या जवळही जायचं नाही.

या सगळ्याने प्रत्यक्ष फरक पडला तो गॅरेजमधल्या बोलण्यात. आधी मी "मामा, गाडीतून आवाज येतोय" एवढंच सांगायची. आता सांगते की पूर्ण स्टिअरिंग कापून वळताना पुढून टक टक टक येतो, सरळ चालताना नाही, तर ते लगेच एक्सलच्या जॉइंटकडे जातात, त्याचं रबरी कव्हर (बूट) फाटून ग्रीस गेलंय का बघतात. स्पीडबरोबर वाढत जाणारी घरघर असेल तर बेअरिंग. ऐंशीच्या स्पीडला स्टिअरिंग थरथरतं तर चाकाचं बॅलन्सिंग, पण फक्त ब्रेक मारल्यावर थरथरतं तर ब्रेकची डिस्क. सकाळी ओलाव्यात स्टार्ट केल्या केल्या किंचाळतो आणि मिनिटभरात थांबतो तो बहुधा पट्टा. कधी, थंड की गरम, कुठल्या गिअरला, वळताना की सरळ, हे मोबाइलमध्ये लिहून ठेवायचं, जमलं तर रेकॉर्ड करायचं. निम्मं निदान तिथेच होतं आणि उगाच चार पार्ट बदलले जात नाहीत. काढलेला जुना पार्ट मी प्रत्येक वेळी मागून बघते, आणि चांगल्या गॅरेजवाल्याला याचा राग येत नाही, उलट तो पार्ट हातात घेऊन कुठे झिजलाय ते दाखवतो.

बाहेरच्या गॅरेजना कंपनीची माहिती आणि सुटे भाग मिळणं हा पण आपलाच प्रश्न आहे. २०१४ च्या ऑगस्टमध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने, ते मिळू देत नाहीत याच कारणावरून, १४ कार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून जास्त दंड सुनावला होता, प्रकरण पुढे कोर्टकचेरीत गेलं. २०२२ च्या डिसेंबरमध्ये केंद्राच्या ग्राहक खात्याने राइट टू रिपेअरचं, म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं, पोर्टल सुरू केलं त्यात गाड्याही आहेत. आपण मालक म्हणून प्रश्न विचारायला शिकलो तर मामांसारख्या लोकांचा धंदाही टिकतो, असं मला खरंच वाटतं.

आता मागच्या ब्रेकचे लायनर (ड्रमच्या आत घासणारे पॅड) बदलायचे झालेत. ते काम मामाच करणार, मी ड्रम काढताना बाजूला उभी राहणार आहे, मास्क लावून, कारण ड्रममधली धूळ छातीला वाईट, ती तोंडाने किंवा एअरने फुंकायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची. गॅरेजमधल्या पोरांसाठी पण मास्कचं एक पाकीट घेऊन ठेवलंय.