खोडलेला शब्द

दात्याचं कुटुंब आणि अवयव मिळालेला माणूस यांना बहुतेक ठिकाणी एकमेकांची नावं कळू देत नाहीत. म्हणून प्रत्यारोपण समन्वयकाच्या, म्हणजे माझ्या हातून पत्रं जातात. ओळख पटेल असं काही त्यात असेल, तर मी ते काढायला लावते.

त्या दिवशी सकाळी एक गृहस्थ पत्र घेऊन आले. मूत्रपिंड मिळून त्यांना दोन वर्षं झाली होती. नवं मूत्रपिंड ओटीपोटात एका बाजूला बसवतात, जुनी बहुधा तिथेच राहू देतात. बोलताना त्यांचा हात सारखा त्या जागी जात होता. चारच ओळींचं पत्र, पण ‘ऋणी’ हा शब्द तीनदा लिहून तीनदा खोडलेला.

"ताई, ऋण म्हटलं की फेडायला हवं. फेडू कुणाला?"

मूत्रपिंड टिकावं म्हणून रोज घ्यायच्या गोळीला तासभर उशीर झाला, तरी त्या अनोळखी घराचा अपराधी असल्यासारखं त्यांना वाटतं. 1954 साली मूत्रपिंडाचं पहिलं यशस्वी प्रत्यारोपण झालं ते जुळ्या भावांमध्ये. तिथे देणारा डोळ्यांसमोर होता. इथे ज्याचे आभार मानायचे तोच नाही. आपण ‘दान, महादान’ म्हणत देणाऱ्याचा गौरव करतो, आणि तो करायलाच हवा. पण त्या मोठ्या शब्दाखाली घेणारा किती दबतो, हे मला त्या खाडाखोडीत दिसलं.

दुपारी पत्र घेऊन दात्याच्या पत्नीकडे गेले. त्यांचे पती मेंदूमृत झाले त्या रात्री मीच त्यांच्याशी बोलले होते. व्हेंटिलेटरमुळे छाती हलत होती, हात उबदार होता. स्वतःहून श्वास येतो का ही तपासणी दुसऱ्यांदा झाली, तोवर त्यांनी तो हात सोडला नव्हता.

त्यांनी पत्र दोनदा वाचलं. खोडलेल्या शब्दावरून बोट फिरवलं.

"मी कुठे काय दिलं हो? त्या रात्री माझ्याकडे देण्यासारखं काही उरलंच नव्हतं. सगळंच्या सगळं जाऊ नये, एवढंच वाटत होतं. त्यांनी ते सांभाळलंय. आभार मी मानायचे."

थोड्या वेळाने हळूच विचारलं, "पाणी पितात ना ते नीट?"

संध्याकाळी त्या गृहस्थांना फोन केला आणि तेवढा प्रश्न सांगितला. बराच वेळ पलीकडून आवाज आला नाही.

"पितो म्हणावं," ते म्हणाले. "मोजून पितो."