सगळ्यांची झोप चारलाच कशी मोडते?

शाळेतल्या मुलांची झोप आणि मन यांचा अभ्यास करायचं आमचं काम लोकांना वाटतं तेवढं भारी नसतं. मुलांच्या मनगटावर अ‍ॅक्टिग्राफ बांधायचा, दिसायला घड्याळच, पण हाताची हालचाल टिपतं आणि त्यावरून झोप किती झाली ते काढता येतं, सोबत झोपेची डायरी द्यायची (जी पोरं हमखास शेवटच्या दिवशी एकदम भरतात) आणि शिक्षकांकडून एसडीक्यू भरून घ्यायचा, म्हणजे २५ वाक्यांची प्रश्नावली, मूल बेचैन असतं का, उदास दिसतं का, लक्ष टिकतं का वगैरे.

शाळा मुंबईतली, दोन पाळ्यांची. सकाळच्या आठवीबद्दल बाईंची तक्रार ठरलेली, अर्धा वर्ग पेंगतो, उरलेला चिडचिड करतो, आणि कारण एकच, मोबाईल. पालक मीटिंगलाही तेच. आता मोबाईलचा काही संबंध नाही असं मी अजिबात म्हणणार नाही, पण तो शब्द आला की पुढे कुणी काही विचारतच नाही.

त्या दिवशी स्टाफरूमच्या कोपऱ्यात लॅपटॉपवर डेटा उतरवत बसले होते. एका मुलीचा ग्राफ उघडला, रात्री अकरा ते पहाटे पावणेचार शांत, मग तासभर नुसती हालचाल, पुन्हा थोडी शांतता, सहाला उठली. रोज हेच. दुसरा मुलगा उघडला, तीच वेळ. तिसरी, तेच! मला वाटलं यंत्रं गंडलीत, म्हणून कंपनीला मेल करायच्या तयारीत होते तेवढ्यात चहा घेऊन आलेल्या मावशींनी नावं वाचली आणि म्हणाल्या, "मॅडम, ही सगळी वरच्या वस्तीतली पोरं. चारला पाणी येतं ना आमच्याकडं."

मी बघतच राहिले. नळ खाली, घरं टेकाडावर, पाणी जेमतेम तासभर, आईबाप हंडे चढवणार, पोरं पाइप धरणार नाहीतर रांगेत नंबर सांभाळणार. डायरीत यातलं एक अक्षर नाही, कारण आमच्या डायरीत "रात्री जाग आली का" एवढंच विचारलंय, आणि पाणी भरायला उठणं म्हणजे जाग येणं असं त्या पोरांना वाटतच नाही.

मग मी दुपारच्या पाळीतली त्याच वस्तीतली मुलं काढली. त्यांचाही ग्राफ चारला तुटलेला, पण ती पाणी भरून पुन्हा आठ-साडेआठपर्यंत झोपतात. १३ ते १८ वयाला ८ ते १० तास झोप लागते, ही त्यात कशीबशी बसत होती, सकाळवाली सहाच्या आतबाहेर. एसडीक्यूतही सकाळवाल्यांचं बेचैनीचं पारडं जड. मुलं मोजकीच, त्यामुळे यावरून काही सिद्ध झालं असं पेपरात लिहिता येणार नाही, पण मला जे दिसलं ते दिसलं.

लवकर झोपवा म्हणणं सोपं आहे. या वयात मेलाटोनिन, म्हणजे झोपेची वेळ झाली हे शरीराला सांगणारं संप्रेरक, तेच रात्री उशिरा वाढायला लागतं, नऊला आडवं केलं तरी डोळा लागत नाही, आणि दहा बाय बाराच्या खोलीत सगळ्यांची जेवणं उरकेपर्यंत आडवं व्हायला जागा तरी कुठंय? फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारने शाळा नऊला किंवा नंतर भरवायचा निर्णय काढला, पण तो चौथीपर्यंत. आठवीची सातच्या शाळेतून सुटका नाही. मुख्याध्यापक सरांना विचारलं तर म्हणाले, "मॅडम, नऊला भरवली तर दुपारवाल्यांना बसवू कुठं, गच्चीवर?" त्यांचंही खोटं नाही.

शेवटी सर एवढं म्हणाले, ज्यांना हवंय त्यांना दुपारच्या तुकडीत घेऊ. मी खुशीत त्या पहिल्या मुलीच्या आईला सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ताई, दुपारी मी कामावर असते, धाकट्याला कोण बघणार? आणि थंडीत सहाला सुटली की अंधारात चढण चढून यायचं. नको. सकाळचीच राहू द्या."