तुम्ही विचारलंत म्हणून: काकांना बोलू का दिलं

बडोद्यात दांडिया बाजारात कोजागिरीला विचारलं, मावशीच्या पंच्याहत्तरीला विचारलं, मकरपुरा जीआयडीसीतल्या (कारखान्यांच्या वसाहतीतल्या) चहावाल्याकडे ज्यांना पेटंट म्हणजे नक्की काय हे धड माहीत नाही त्यांनीसुद्धा विचारलं, की तू एवढी पेटंट एजंट, काकांच्या पेटंटचं हिअरिंग, म्हणजे सुनावणी, तुझ्या लॅपटॉपवर, माइकचं बटण तुझ्या बोटाखाली, मग काकांना तसं बोलू का दिलंस? आजवर मी माणूस बघून उत्तर दिलंय. कुणाला सांगितलं नेट अडकलं होतं, कुणाला सांगितलं वडीलधाऱ्या माणसाला गप्प बसा कसं म्हणणार. पहिलं सरळसरळ खोटं आहे, नेट त्या दिवशी फर्स्टक्लास होतं. दुसरं अर्धं खरं. आता काकांच्या मुलानेच विचारलंय, म्हणून एकदाचं सगळं लिहिते.

त्याआधी तो दुसरा प्रश्न, जो सगळे हसत हसत विचारतात. काकांचा शोध बोटीची इलेक्ट्रिक मोटर गार ठेवायचा. मोटर पाण्यातच बुडालेली, तिला वेगळं गार काय करायचं आणि त्यावर पेटंट कसलं? अहो, दुधाचं तापलेलं पातेलं परातीत पाणी घालून ठेवता ना, थोड्या वेळाने परातीतलं पाणीच कोमट होतं आणि ते बदलावं लागतं, तसंच आहे हे. वाइंडिंगच्या, म्हणजे मोटरच्या आतल्या तारांच्या वेटोळ्यांच्या, तांब्यातली उष्णता आधी इन्सुलेशनच्या कागदातून लोखंडात, तिथून बाहेरच्या कवचात, आणि मग कवचावर रंग, शेवाळ, गाळ असा जो थर बसलाय त्यातून पाण्यात जाणार. 4 किलोवॅटच्या मोटरने ओढाताणीत 15 टक्के जरी वाया घालवले तरी 600 वॅट झाले, म्हणजे दुधाच्या बरणीएवढ्या नळकांड्यात एक छोटी इस्त्री सतत चालू. बोट पळत असली की काही नाही, पाणी आपोआप घासून जातं. पण भरलेली बोट जागेवरून हलवायची असते किंवा ती जलपर्णीत रुतते तेव्हा करंट सगळ्यात जास्त आणि भोवतालचं पाणी जवळजवळ उभं. क्लास एफचं इन्सुलेशन 155 अंशांपर्यंत टिकणारं, त्याच्या वर दर 10 अंशांना आयुष्य निम्मं हा रिवाइंडिंगवाल्यांचा (जळलेल्या मोटरीत नवी तार भरणाऱ्यांचा) जुना हिशोब. निओडिमियमचे मॅग्नेट तर फार तापले की जे कमजोर पडतात ते गार झाल्यावर पूर्ण परत येतीलच असं नाही. मोठ्या बोटीत पंप लावून मोटरभोवतीच्या जॅकेटमधून पाणी फिरवतात, नाहीतर ग्लायकॉलचं, म्हणजे कूलंटचं, बंद सर्किट करतात. छोट्या बोटीत अजून एक पंप म्हणजे गाळाने चोक व्हायला अजून एक जागा.

काका म्हणजे सख्खे नाहीत, बाबांचे कलाभवनचे, म्हणजे बडोद्याच्या तांत्रिक शिक्षणसंस्थेतले, मित्र. चाळीस वर्षं मोटरी भरल्या त्यांनी. त्यांची युक्ती अशी की पाण्याखालच्या मोटरवर थोडी फट ठेवून पाइपची एक बाही चढवायची (स्लीव्ह हो, पण काका बाहीच म्हणतात), तिचं मागचं तोंड बोटीच्या पंख्याच्या (प्रॉपेलरच्या) अगदी जवळ. पंखा पाणी ओढतो ते बाहीतूनच येतं, म्हणजे बोट उभी असली तरी मोटरच्या अंगावरून पाणी वाहतंच. बाहीच्या खालच्या अंगाला तिरक्या फटी, पंखा उलटा फिरवला की साचलेला गाळ त्यातून बाहेर. वर्कशॉपच्या हौदात बोट बांधून त्यांनी अर्धा-अर्धा तास चालवून बघितलं होतं, बाहीशिवाय कवच 88 अंश, बाहीसकट 62. शाळेच्या दोनरेघी वहीत सगळं तारीखवार लिहिलेलं.

आता माझी बाजू. 2021 मध्ये फाइल करायच्या आधी सर्च, म्हणजे असं काही आधी कुणी केलंय का याचा शोध, मीच केला. बी63एच, म्हणजे जहाजाच्या प्रोपल्शनचा वर्ग, तो पूर्ण चाळला, एच02के, म्हणजे विजेच्या मोटरींचा वर्ग, त्यातले लिक्विड कूलिंगचे ग्रुप बघितले. जुनंपानं किती निघावं! काकांना सांगितलं की पॅरिसमध्ये सेन नदीवर 1881 मध्ये त्रूव्हेने काढून ठेवता येणारी इलेक्ट्रिक मोटर बोटीला लावून चालवली होती, तर ते म्हणाले, "अगं, तेव्हा आपलं कलाभवनसुद्धा नव्हतं!" (ते 1890 चं.) त्याच सर्चमध्ये एक बोअरवेलच्या सबमर्सिबल पंपाचं डॉक्युमेंट आलं होतं. रुंद विहिरीत पाणी वरूनच पंपात शिरतं, खालची मोटर उभ्या पाण्यात बसते आणि जळते, म्हणून मोटरवर एक नळकांडं घालतात म्हणजे पाण्याला मोटरवरूनच यावं लागतं. मी ते वाचलं. वाचून एक्सेलमध्ये ती ओळ राखाडी केली. राखाडी म्हणजे आमच्याकडे असंबद्ध. का? तर बोअर म्हणजे बोट नव्हे.

2023 मध्ये एफईआर आला, म्हणजे परीक्षकाचा पहिला रिपोर्ट, आणि त्यात डी-वन, म्हणजे आमच्याविरुद्धचं पहिलं जुनं डॉक्युमेंट, म्हणून तीच राखाडी ओळ. डी-टू एक पाण्याखालची बोटीची मोटर. दोन्ही एकत्र केले की तुमचा क्लेम (ज्यावर हक्क मागितलाय तो मजकूर) झाला, पेटंट कायद्याच्या कलम 2(1)(जेए) खाली इन्व्हेंटिव्ह स्टेप, म्हणजे सहज न सुचणारं पाऊल, नाही, शिवाय 3(एफ), म्हणजे माहीत असलेल्या वस्तूंची नुसती मांडामांड. मी सहा महिन्यांच्या आत उत्तर दिलं, आणि उत्तर चांगलं होतं, हे मी आजही म्हणेन. बोअरमधला पंप एका जागी असतो, बोटीवर वेग बदलतो, दिशा बदलते, बाही आणि पंखा एकमेकांवर अवलंबून आहेत म्हणून 3(एफ) लागूच नाही. 3(एफ) त्यांनी शेवटी सोडलं. हे कुणी विचारत नाही.

मधे 18 जानेवारी 2024 ला हरणीच्या मोटनाथ तळ्यात सहलीची बोट उलटली, 12 मुलं आणि 2 शिक्षिका गेल्या. त्यानंतर बडोद्यात बोट म्हटलं की लोक गप्प होतात. काकांकडे दोन चौकश्या होत्या त्या बंद झाल्या, त्यांनीही कुणाला फोन केला नाही. फाइल मात्र चालू राहिली, फाइलला काय.

हिअरिंग जुलैत होतं, व्हिडिओवर. काकांनी यायची काही गरज नव्हती, मी एकटीने केलं असतं. पण त्यांना बघायचं होतं. इस्त्रीचा शर्ट घालून, काकूंनी दिलेला चिवड्याचा डबा घेऊन अर्धा तास आधीच हजर, खुर्ची माझ्या शेजारी, वही मांडीवर. मी बजावलं होतं, काका, मी बोलेन, तुम्ही फक्त नमस्कार करा. कंट्रोलर साहेब, म्हणजे निर्णय देणारे पेटंट ऑफिसचे अधिकारी, भले माणूस निघाले. वीसेक मिनिटं माझं ऐकलं. मी अगदी रंगात आले होते, डी-वनच्या माणसाला बोटीची अडचण माहीतच नाही, बोटीचा माणूस बोअरकडे कशाला बघायला जाईल, दोन वेगळी क्षेत्रं आहेत वगैरे. साहेबांची मान हलत होती, हो म्हणून की नाही म्हणून कळत नव्हतं. मग त्यांनी सहज, काकांचा चेहरा कोपऱ्यात दिसत होता म्हणून असेल, हिंदीत विचारलं की आप ही इन्व्हेंटर हैं? ये आपको सूझा कैसे?

काका पुढे सरकले. इतके पुढे की स्क्रीनवर नुसतं कपाळ. आणि म्हणाले, "अरे साहब, बोरवेल की मोटर पे डालते हैं ना हम लोग, बस, वही! मैंने सोचा पानी वही, मोटर वही, तो बोट में क्यों नहीं?"

माझी वीस मिनिटं गेली. काका खुशीत, पुढे बोलतायत, की साहेब, गुजरातमध्ये कुठल्याही रिवाइंडिंगवाल्याला विचारा, बोअर रुंद असला की बाही पाहिजेच. साहेब हसले, थँक यू म्हणाले, आणि खाली मान घालून काहीतरी लिहिलं. बाहेर पडल्यावर काका मला म्हणतात, "माणूस चांगला होता गं, त्याला लगेच समजलं."

कायद्याने बघाल तर शोध लावणाऱ्याला कुठून सुचलं याने फरक पडत नाही. मोजायचं ते त्या कलेतल्या निपुण माणसावरून, तो एक कागदोपत्री प्राणी आहे ज्याला सगळं माहीत असतं आणि स्वतःहून सुचत काहीच नाही. पण तो निपुण माणूस बोअरकडे बघेल का एवढाच वाद उरला होता, आणि काकांनी त्याला हाताला धरून बोअरपाशी नेऊन उभं केलं. पंधरा दिवसांत लेखी म्हणणं द्यायचं असतं, त्यात मी गाळाच्या तिरक्या फटी मुख्य क्लेममध्ये ओढल्या. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की खरी नवी गोष्ट तीच होती, बोअरमध्ये कोण उलटा पंखा फिरवतो? पण मूळ स्पेसिफिकेशनमध्ये, म्हणजे अर्जातल्या शोधाच्या वर्णनात, तिच्यावर एक ओळ. ड्रॉइंगमध्ये नाही. आणि 88 आणि 62 हे आकडे तर कुठेच नाहीत, कारण 2021 च्या मला वाटलं आकडे घातले की क्लेम आकसतो. नंतर नवीन काही घालता येत नाही. वहीचे फोटो जोडले, ते धरले नाहीत. धरायचे नसतातच, मला माहीत होतं.

ऑर्डर आली तेव्हा विश्वामित्री नदीचा पूर ओसरून काही दिवस झाले होते आणि काका कारेलीबागेतल्या घरातला गाळ अजून फावड्याने काढत होते, शेजारच्या गल्लीत मगर निघाल्याच्या गोष्टी सांगत. नकार. 1978 चा सुप्रीम कोर्टाचा बिश्वनाथ प्रसाद विरुद्ध हिंदुस्तान मेटलचा निकाल लावलेला, लेथवर भांडी धरायच्या साधनाची केस होती ती, नुसत्या वर्कशॉप इम्प्रूव्हमेंटला पेटंट नाही असं त्यात आहे. मी ते मराठीत समजावून सांगितलं तर काका म्हणाले, "वर्कशॉपमध्येच केलंय ना, मग बरोबर आहे की." अपील हायकोर्टात जातं, तीन महिने होते. नको म्हणाले.

मग माइक का नाही बंद केला. पहिले दोन महिने मी मनात काकांनाच दोष देत होते. मग परीक्षकाला. मग एका रात्री ती एक्सेल उघडून बसले आणि वाटलं की परीक्षक बरोबर होता, ज्या गावात अर्ध्या दुकानांत सबमर्सिबल मोटरी भरतात तिथे बसून मी म्हणत होते की मोटरवाला माणूस बोअरकडे बघणार नाही. लगेच दुसरं मन म्हणतं, मग चाळीस वर्षं कुणी बोटीला बाही का नाही घातली? एवढं उघड होतं तर काकांच्या आधी कुणीतरी घालायला हवी होती ना. हा वाद मी स्वतःशी दोन्ही बाजूंनी जिंकते आणि हरते, काल रात्रीपर्यंत.

पण बटणाचं सांगते. साहेबांनी विचारलं तेव्हा एक सेकंद होता. काका काय बोलणार ते मला कळलं होतं, अगदी शब्दशः नाही पण बोअर येणार हे कळलं होतं. बोट बटणावर होतं. आणि मला त्या सेकंदात दिसलं की तीन वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारलाच नव्हता. माझ्या फॉर्ममध्ये अडचण काय, उपाय काय, फायदे काय असे रकाने आहेत, सुचलं कसं हा रकाना नाही. मी विचारलं असतं तर त्यांनी मलाच बोअर सांगितला असता, मी ती ओळ राखाडी केली नसती, क्लेम पहिल्यापासून गाळावर लिहिला असता. तेवढ्यात काका बोलून मोकळे झाले.

आता हे खरं कारण की नंतर सुचलेलं छानसं कारण? मला सांगता येत नाही. वकील मैत्रीण म्हणते सरळ फ्रीझ झालीस, एवढंच आहे, उगाच मोठं करू नकोस. तेही असेल.

मकरपुऱ्यात आता दोघं जण तशी बाही बनवतात. त्यातल्या एकाकडे काका मागच्या आठवड्यात स्वतः जाऊन आले. मी घाबरून विचारलं, भांडलात का? नाही म्हणाले. त्याने फट फार कमी ठेवली होती, गाळ अडकला असता, ते दाखवून आले.