ट्रेंटो: बिशपांच्या जहागिरी आणि डोईजड झालेले सरदार

उत्तर इटलीतलं ट्रेंटो म्हणजे बहुतेकांसाठी डोलोमाइट्सच्या वाटेवरचा थांबा, फार तर कॅथेड्रलसमोरच्या चौकात कॉफी प्यायची, कारंज्यापाशी फोटो काढायचे आणि पुढची गाडी पकडायची. मी मात्र मुद्दाम इथल्या बिशपांसाठी, म्हणजे चर्चच्या मोठ्या धर्मगुरूंसाठी गेले होते. पावणेआठशे वर्षं या शहराचा आणि आजूबाजूच्या खोऱ्यांचा राजा बिशपच होता, कर तोच घ्यायचा, न्याय तोच करायचा आणि सरदारांना जहागिरीही तोच द्यायचा. चर्चचा माणूस सरदार कसे सांभाळत असेल हे मला किती दिवस बघायचं होतं.

सुरुवात 1027 ची. पवित्र रोमन साम्राज्याचा सम्राट कॉनराड दुसरा याने त्या वर्षी हा मुलूख बिशपच्या हवाली केला आणि त्यामागचा हिशोब एकदम पक्का होता. जर्मनीतून रोमला जायचा रस्ता ब्रेनर खिंड उतरून अदिजे नदीच्या याच खोऱ्यातून जातो, सम्राटाला राज्याभिषेकाला जायचं तरी इथूनच. हा रस्ता एखाद्या काउंटला, म्हणजे बड्या सरदाराला दिला तर तो त्याच्या मुलाचा होणार मग नातवाचा होणार, बिशपला मात्र गादीचा वारस नाही, तो गेला की नवा बिशप कोण यात सम्राटाला परत हात घालता येतो. 1122 च्या वर्म्सच्या करारानंतर (बिशप कोणी नेमायचा यावरून पोप आणि सम्राट यांच्यात झालेला तह) अंगठी आणि धर्मदंड चर्चकडून अन् मुलूख मात्र सम्राटाच्या राजदंडाला हात लावून, अशी वाटणी झाली. म्हणजे खालच्या सरदारांचा धनी असलेला बिशप वर स्वतः सम्राटाचा सरदारच!

बिशपने जहागीर द्यायची तर सरदार गुडघे टेकून आपले जोडलेले हात धन्याच्या हातात द्यायचा, इमानाची शपथ घ्यायचा, मग काठी, हातमोजा असलं काहीतरी हातात देऊन ताबा मिळायचा. धनी मेला किंवा सरदार मेला की हे सगळं पुन्हा करायचं. जहागीर म्हणजे नुसती जमीन नाही बरं का, एखादा किल्ला, दशमांश कर वसूल करायचा हक्क, पुलावरचा टोल, काहीही देता यायचं. कधीकधी तर उलटं व्हायचं, सरदार स्वतःच्या मालकीचा वाडा आधी बिशपला देऊन टाकायचा आणि तोच परत जहागीर म्हणून घ्यायचा, कारण बिशपची सावली डोक्यावर असली की शेजारचा सरदार चालून यायच्या आधी दहादा विचार करतो.

हे सगळं आज कळतं ते फेडेरिको वांगा नावाच्या बिशपमुळे (1207 ते 1218). जुने सगळे करार, दानपत्रं, जहागिरींचे कागद गोळा करून त्याने नोटरीकडून एका ग्रंथात उतरवून घेतले, तो कोडेक्स वांगियानुस, अजूनही ट्रेंटोच्या सरकारी दप्तरखान्यात आहे. त्यात वरच्या डोंगरातल्या चांदीच्या खाणींचे नियम आहेत (पहिले 1185 चे), आणि मला सगळ्यात आवडलेला 1216 चा करारही आहे. त्यात बोल्झानोच्या उलरिक आणि हेनरी या दोघांना फोल्गारियाच्या पठारावर किमान 20 शेतघरं वसवायला सांगितलंय. बसने त्या पठारावर गेले तेव्हा कुरणांमधली ती विखुरलेली घरं बघताना हा कागद सारखा डोक्यात घोळत होता. वांगानेच 1212 मध्ये कॅथेड्रल नव्याने बांधायला घेतलं आणि सहा वर्षांनी क्रूसेडवर, म्हणजे धर्मयुद्धावर असताना पॅलेस्टाइनच्या किनाऱ्यावरच्या आक्र्यात वारला.

पण मुद्दाम वेळ काढून बघा ती बुओनकोन्सिल्यो किल्ल्यातली तोर्रे आक्विला, म्हणजे गरुड बुरूज. ठरलेल्या वेळेलाच थोडे थोडे लोक आत सोडतात. आतल्या भिंतींवर साधारण 1400 मध्ये बिशप गेओर्ग फॉन लिष्टनश्टाइनने रंगवून घेतलेली बारा महिन्यांची चित्रं आहेत, मार्च आगीत गेला, अकरा उरलेत. जानेवारीत भारी कपडे घातलेली सरदार मंडळी बर्फाचे गोळे करून एकमेकांना मारतायत, मागे बिशपचा स्तेनिको किल्ला. बाकीच्या महिन्यांत नांगरणी, गवत कापणी, द्राक्षं तुडवणं, सगळी कामं शेतकरी करतायत आणि त्याच भिंतीवर सरदार बायकांबरोबर फुलांत बसलेत नाहीतर शिकारीला निघालेत. मी तिथे खूप वेळ उभी होते. जहागीर कशावर चालायची ते कुठल्याही कागदापेक्षा या भिंतीवर जास्त स्पष्ट दिसतं, आणि गंमत बघा, ही सुखी चित्रं रंगवून घेणाऱ्या बिशपविरुद्ध 1407 मध्ये शहरच उठलं. त्या बंडाचा म्होरक्या रोदोल्फो बेलेंझानी, कॅथेड्रलच्या चौकातून निघणाऱ्या देखण्या रस्त्याला आज त्याचंच नाव आहे.

सरदार मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून डोईजड झाले होते. बाराव्या शतकात बिशप आदेलप्रेतोला त्याच्याच एका सरदाराने, कास्तेलबार्को घराण्यातल्या आल्द्रिगेत्तोने ठार मारलं. पण खरा घाव घातला उत्तरेकडच्या शेजारच्या टिरोलच्या काउंटांनी. धर्मगुरूने रक्त सांडायचं नाही, म्हणून फाशीच्या शिक्षा आणि लढाया यासाठी बिशप एक रक्षक नेमायचा, ते पद टिरोलवाल्यांकडे आलं आणि बघता बघता वंशपरंपरा झालं. तेराव्या शतकात त्यांच्यातल्या माइनहार्ट दुसरा याने तर या रक्षकपणाच्या जोरावर बिशपचाच मुलूख गिळला, चर्चने बहिष्कार टाकला तरी हटला नाही. सम्राटाचा तो पक्का हिशोब इथे फसला असं मला वाटतं. बिशपला वारस नव्हता पण त्याच्या सरदारांना होते, बिशप बदलत राहिले आणि सरदारांची घराणी तिथेच मुळं धरून बसली.

हे डोळ्यांनी बघायचं तर कास्तेल थुन. ट्रेंटोहून मालेला जाणारी छोटी ट्रेन नोन खोऱ्यात चढते, दोन्ही बाजूंना नुसत्या सफरचंदाच्या बागा, आणि विगो दि तोन गावाच्या वर हा किल्ला. थुन मंडळी मुळात बिशपच्या पदरची माणसं, हळूहळू जहागिरी वाढवत काउंट झाली आणि शेवटी घरातलेच लोक बिशपच्या गादीवर बसवले. सिगिसमुंड आल्फोन्स थुन 1668 मध्ये ट्रेंटोचा बिशप झाला, त्याच्या नावाची खोली वरती आहे, भिंती आणि छत सगळं पाइनच्या लाकडाचं, कोपऱ्यात मोठी शेगडी. जहागीर देणारा आणि घेणारा एकाच घरातले!

1803 मध्ये बिशपांचं राज्य संपलं. थुनांचा किल्ला त्यानंतरही घराण्याकडेच राहिला, प्रांताने तो विकत घेतला 1992 मध्ये आणि लोकांना खुला केला 2010 मध्ये. आत फर्निचर, चित्रं, ग्रंथालय सगळं बऱ्यापैकी जागच्या जागी आहे त्यामुळे दोन तास तरी हाताशी ठेवा, आणि सोमवारी जाऊ नका, बंद असतो. माइनहार्टचा टिरोल किल्ला मेरानोच्या वर आहे, तो अजून माझा बघायचा राहिलाय, पुढच्या वेळी सुरुवात तिथूनच.